दीर म्हणतात बीच, सासूबाई म्हणतात ओटी

ताई, एप्रिलमध्ये आम्ही तेरा जण आठ दिवसांसाठी हवाईच्या बिग आयलंडवर चाललो आहोत. मी, नवरा, दोन मुलं, कुडाळहून आलेले सासू-सासरे, डॅलसचे दीर-जाऊ आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, शिवाय इथल्या मैत्रिणीचं चौघांचं कुटुंब. ग्रुपचं नाव 'हवाई चप्पल'. प्लॅनिंग अर्थातच माझ्या गळ्यात. दीर म्हणतात, रोज नवा बीच करू; दगडांचे चौथरे बघायला एवढे पैसे घालून कोण जातं? सासूबाईंनी यूट्यूबवर ज्वालामुखीची देवी पाहिली आणि तिची ओटी भरायला कुडाळहून खण घेऊन आल्या, नारळ इथे घेणार म्हणतात. पुतण्याला ड्रोन उडवायचाय आणि काळी वाळू बाटलीत भरून आणायची आहे. मैत्रीण म्हणते, तिथल्या लोकांच्या पवित्र जागी टुरिस्ट म्हणून जाणंच चुकीचं. सासऱ्यांना दमा आहे. आता मला जायचीच इच्छा राहिली नाही. बीच की देवस्थानं, हे कसं ठरवू? आणि सासूबाईंना 'ओटी नको' हे कुठल्या तोंडाने सांगू?
— वैतागलेली वहिनी, सनीव्हेल

वहिनी,

सासूबाईंची काळजी सोड. या तेरा जणांत तुझ्या बाजूने पहिल्या त्याच उभ्या राहतील, कशा ते पुढे सांगते. मला काळजी वाटते ती दिरांची. 'बीच की देवस्थान' हा प्रश्न त्यांनी टाकला आणि तू तो जसाच्या तसा उचललास. त्या बेटावर हा प्रश्न फारसा उरतच नाही. जुन्या हवाईत राजांचे वाडे, होड्यांची बंदरं, मासे पाळायची तळी, देवळांचे चौथरे, सगळं समुद्राला लागून. तू ज्या जागा दोन वेगळ्या रकान्यांत लिहिल्यास त्या बऱ्याचशा एकमेकींच्या शेजारी आहेत.

उदाहरण घे. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाहून उत्तरेला तासाभरावर कावाइहाए नावाचं बंदर आहे. तिथे टेकडीवर पुउकोहोला हेइआउ आहे. हेइआउ म्हणजे दगडी चौथऱ्याचं देवस्थान. हा चौथरा कामेहामेहा राजाने १७९० ते १७९१ या काळात बांधला, कु या युद्धदेवासाठी. सगळी बेटं आपल्या हाताखाली येतील असं भाकीत एका पुजाऱ्याने त्याला सांगितलं होतं, अट एवढीच की हे देऊळ बांधून पुरं कर. दगड पोलोलूच्या खोऱ्यातून आणले असं मानतात. ते खोरं ३० किलोमीटरपेक्षा लांब. माणसांची रांग लावून, या हातातून त्या हातात देत दगड इथवर आले. स्वतः राजाही दगड उचलत होता म्हणतात. चुना नाही, माती नाही. साधारण ६८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. काम पुरं झाल्यावर त्याने आपल्या चुलतभावाला, केओउआला, प्रतिष्ठापनेच्या सोहळ्याला बोलावलं. केओउआ होडीतून किनाऱ्याला लागला आणि तिथेच मारला गेला. पुढे १८१० पर्यंत सगळी बेटं एका राज्याखाली आली. भाऊबंदकीची गोष्ट आहे, दिरांना सांगून बघ. चौथऱ्यांचा कंटाळा असलेला माणूसही इथे कान देतो.

आणि गोष्ट संपली की खाली चालत दहा-पंधरा मिनिटांवर स्पेन्सर बीच. पाणी शांत, लहान मुलांना बरं. वाटेत समुद्राच्या पोटात आणखी एक हेइआउ आहे, शार्कदेवांचं. ते आता पाण्याखाली गाळात आहे, दिसत नाही, पण त्या उथळ पाण्यात सकाळी शार्कचे काळे पंख दिसतात कधीकधी. सोळा वर्षांच्या पोराला हे पुरे. दुपारी हापुनाला जा, लांबलचक पांढरी वाळू आणि लाइफगार्ड. झाला एक दिवस. आता हा बीचचा दिवस होता की देवस्थानाचा, ते दिरांनाच ठरवू दे.

चौथऱ्यावर मात्र कुणी चढायचं नाही. तिथे आत प्रवेश नाहीच, पायवाटेवरूनच बघायचं. २००६ च्या भूकंपात या भिंती ढासळल्या, तेव्हा जुन्या पद्धतीने दगडावर दगड बसवणाऱ्या लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. आजही तिथे सोहळे होतात.

आता दुसरी जागा, कोनाच्या दक्षिणेला: पुउहोनुआ ओ होनाउनाउ. उच्चार जमला नाही तरी चालेल, मलाही दोन दिवस लागले. इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगते.

बरीच वर्षं झाली, आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. नारळीची झाडं, पांढरी वाळू, समोर चिमुकली खाडी, काठावर एक कासव डोळे मिटून पडलेलं. मी चटई अंथरली, डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. मुलं लोळायला लागली. तेवढ्यात टोपी घातलेल्या एक आजी आल्या, तिथल्या स्वयंसेविका. ओरडल्या नाहीत. माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या, कुठून आलात विचारलं, लोणच्याचा वास घेतला, कशाचं आहे म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं, ही राजवाड्याच्या अंगणाची जागा आहे. या खाडीत फक्त राजांच्या होड्या लागायच्या. इथे चटई, टॉवेल, खुर्च्या, खाण्याचे डबे मांडत नाहीत. पलीकडे दक्षिणेला बाकडी आहेत, तिथे निवांत जेवा. आणि माझ्या हातातली लोणच्याची बरणी स्वतः उचलून बाकड्यापर्यंत घेऊन आल्या. कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं झालं मला. पाटी होती. मी वाचली नव्हती.

ती जागा काय आहे ते सासूबाईंना तूच सांग, पण प्रवासाच्या आधी, चहा घेताना, घाई न करता. जुन्या हवाईत 'कापू' नावाची व्यवस्था होती. (आपल्याला 'कापू का?' आठवतं, माझाही इलाज नाही.) हे शिवायचं नाही, ते खायचं नाही, राजाच्या सावलीवर पाय पडता कामा नये. बायकांनी पुरुषांसोबत जेवायचं नाही. डुकराचं मांस, केळं आणि नारळ बायकांना वर्ज्य. हो, नारळसुद्धा! कापू मोडला तर शिक्षा मरणाची. पण पळत, पोहत कसंही करून पुउहोनुआच्या, म्हणजे अभयस्थानाच्या, आत पोचलं की जीव वाचायचा. पुजारी शुद्धीचे विधी करायचे आणि माणूस पुन्हा घरी जायचा. लढाईत हरलेल्यांना, बायकापोरांनाही तिथे आसरा. त्या आवाराभोवतीची भिंत आजही उभी आहे. उंची साडेतीन मीटरच्या वर, जाडी पाच मीटरच्या वर, लांबी ३०० मीटरच्या आसपास, तीही चुन्याशिवाय. सासूबाईंना म्हणावं, आपला गडगा, फक्त राजाने घातलेला. भिंतीच्या टोकाला हाले ओ केआवे नावाचं देऊळ आहे. त्यात २३ राजपुरुषांच्या अस्थी ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या तेजामुळेच त्या जागेला अभय देण्याची ताकद होती. आज दिसतं ते देऊळ आणि लाकडी मूर्ती नव्याने उभारलेल्या आहेत.

ही व्यवस्था मोडली तीसुद्धा एका पंगतीत. १८१९ मध्ये कामेहामेहा वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा लिहोलिहो आपल्या आईच्या आणि काआहुमानू राणीच्या सोबत सगळ्यांदेखत जेवायला बसला. बायकांच्या पानाला पान लावून राजा जेवला, आकाश कोसळलं नाही, आणि कापू संपला. हे झालं कोनाच्या किनाऱ्यावर. आज तिथे शेजारी हॉटेल आहे आणि मुलं डुंबत असतात. ज्या बाईने आयुष्यात बायकांची पंगत शेवटी बसताना पाहिली आहे, कधी बाहेर बसली आहे, तिला या गोष्टीचं भाषांतर करून द्यावं लागत नाही.

म्हणून म्हणते, सासूबाई तुझ्या बाजूच्या. त्या कुडाळच्या आहेत. देवराईत वाळकी काटकी उचलत नाहीत हे त्यांना तुझ्या-माझ्याआधी माहीत आहे. राखणदार म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आता पेलेची, म्हणजे त्या ज्वालामुखीच्या देवीची, ओटी. आधी हे समजून घे की पेले ही तिथे नुसती गोष्टीतली देवी नाही. तिला आपली पूर्वज मानणारी घराणी आजही आहेत. ती होडीतून आली, तिची मोठी बहीण समुद्राची देवी, ती तिच्या पाठीमागे लागली. पेले काउआई बेटावर घरासाठी खणायला लागली की बहीण पाणी भरायची. मग ओआहू, मग माउई, आणि शेवटी बिग आयलंडवरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ कुंडात तिला घर मिळालं. बेटांची वयंही वायव्येकडून आग्नेयेकडे याच क्रमाने कमी होत जातात, हे भूगर्भशास्त्रज्ञांनी नंतर मोजलं. त्या लोकांनी जमीन बघून आधीच ओळखलं होतं.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे लोक सांगतात, कुंडाच्या काठावर काही ठेवू नका. नारळ, तांदूळ, फुलं, उदबत्ती, काहीच नाही. खाण्याच्या वस्तूंनी मुंग्या, उंदीर येतात. नेने नावाचा त्यांचा दुर्मीळ हंस माणसांच्या खाण्याला चटावतो, रस्त्यावर येतो आणि गाडीखाली मरतो. पानात गुंडाळलेले दगड ठेवायची टूमसुद्धा तिथली जुनी रीत नाही. दुसऱ्याच्या देवीचं काय करायचं हे तिच्या माणसांनी ठरवायचं. आपल्या वेतोबाला कुणी परका येऊन केक ठेवून गेला तर आपल्याला कसं वाटेल? हे शेवटचं वाक्य सासूबाईंसमोर म्हण, त्या हसतील आणि विषय अर्धा संपेल.

उरलेला अर्धा असा. आपण नैवेद्य दाखवतो आणि घरी आणून खातो. मग खणही दाखवायचा आणि परत आणायचा. काठावर उभं राहून पदराआडून देवीला दाखवा, घडी घालून पिशवीत ठेवा, घरी आल्यावर तुझ्या मुलीला त्याचा परकर शिवा. नारळ भाड्याच्या घरात फोडून चटणी करा. आणि ओटीच्या जागी सासूबाईंनी गाऱ्हाणं घालावं. मनातल्या मनात नको, हळू आवाजात, पण मालवणीत. हवाईचे लोकही अशा जागी जाताना आधी परवानगी मागतात, सुरात म्हणतात. शेवटी बाकीच्या बारा जणांनी हलकेच 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दिरांनीही. यात कुणाचं काही सांडत नाही, उरत नाही. तिथे एखादा स्थानिक माणूस आपले विधी करत असेल तर लांब उभं राहा आणि मोबाइल खिशात.

देवी दिसेल का, हे तुझ्या हातात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला उद्रेक थांबत थांबत महिनोन्महिने चालला. काही तास लाव्हाची कारंजी, मग दिवसच्या दिवस नुसता धूर. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचे कॅमेरे चोवीस तास चालू असतात. ते बघून ग्रुपवर रोज कळवायचं काम पुतण्याला दे. ड्रोन न्यायला नाहीच म्हण. राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन बंद आहे, पकडलं तर दंड, त्यामुळे तुला वाईटपणा घ्यायचं कारण नाही. सरकारने आधीच घेतलाय.

काळी वाळूही नाही. किनाऱ्यावरची वाळू उचलणं हवाईत कायद्याने बंद, उद्यानातला दगड उचलणंही बंद. पेलेचे दगड नेले की शाप लागतो अशी एक गोष्ट फिरते, आणि घाबरलेले लोक वर्षानुवर्षं ते दगड टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. पण कुठला दगड कुठून उचलला हे कुणाला ठाऊक, त्यामुळे तो परत जागेवर जात नाही. शापाची भीती पोराला घालू नकोस. त्याला पुनालुउच्या किनाऱ्यावर ने. काळी वाळू तळपायाखाली करकरते, वर होनू, म्हणजे हिरवी कासवं, ऊन खात पडलेली असतात. त्यांच्यापासून किमान तीन मीटर लांब राहायचं. आजीला सांग त्याला देवराईची गोष्ट सांगायला, वाळूत बसून.

मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावू नकोस, ती निम्मी बरोबर आहे. १८९३ मध्ये लिलिउओकलानी राणीला गादीवरून उतरवलं, त्यात अमेरिकी व्यापारी होते आणि अमेरिकेचे नौसैनिक बंदरावर उतरले होते. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने माफी मागितली. जमीन काही परत आली नाही. माउना केआ या तिथल्या पवित्र डोंगरावर बांधायच्या तीस मीटर दुर्बिणीचं प्रकरणही याच जखमेवरचं. २०१९ मध्ये ते बांधकाम अडवायला तिथले म्हातारे-म्हाताऱ्या रस्त्यात बसले, अटक करून घेतली. त्या दुर्बिणीत भारताचा वाटा आहे, आणि भारताकडून आपल्या पुण्याची आयुका ही खगोलसंस्थाही. तेव्हा 'आपला काय संबंध' असंही म्हणता येत नाही. तरी होनाउनाउ आणि पुउकोहोला या जागा पाहुण्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, तिथे माहिती द्यायला माणसं बसलेली असतात. त्यांना टाळून फक्त रिसॉर्टच्या तलावात डुंबणं जास्त मानाचं कसं, ते मला कळत नाही. मात्र कुंपणावर किंवा नुसत्या दगडांच्या राशीशेजारी 'कापू' अशी पाटी दिसली की मागे फिरायचं. आजही त्याचा अर्थ 'आत यायचं नाही' हाच आहे. मैत्रिणीला काम दे: प्रत्येक जागी पोचायच्या आधी गाडीत दहा मिनिटं तिने बोलायचं. तिला ते मनापासून करायला आवडेल असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

सासऱ्यांबद्दल गंभीरपणे सांगते. ज्वालामुखीचा गंधकी धूर दम्याला वाईट, आणि वारा फिरला की तो कोनाकडेही येतो. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, पंप हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. धूर जास्त असेल त्या दिवशी ते आणि कुणीतरी एक जण घरी. माउना केआचा माथा ४,२०७ मीटरवर आहे, तो त्यांच्या यादीतून आजच खोड. लहान मुलांच्याही. किलाउएआचा काठसुद्धा १,२०० मीटरवर आहे, संध्याकाळी थंडी वाजते. माकडटोपी घ्या, हसणाऱ्यांना हसू द्या.

समुद्राला मात्र पाठ करून उभं राहायचं नाही. हवाईत पाहुण्यांच्या जिवावर बेततं ते मुख्यतः पाण्यात. होनाउनाउच्या शेजारी टू स्टेप नावाची जागा आहे, लाव्हाच्या दोन पायऱ्या उतरून थेट पोवळ्यांच्या बागेत. मासे बघायला अप्रतिम. पण आधी दहा मिनिटं काठावर बसून लाटा मोजा, इतर लोक कुठून चढतात-उतरतात ते बघा, आणि हात टेकताना कपारीतल्या काटेरी समुद्री साळूंकडे लक्ष ठेवा. पोहता न येणाऱ्याने उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. डॉल्फिन दिसले तर त्यांच्या मागे पोहत जायचं नाही, २०२१ पासून तसा नियमच आहे. सनस्क्रीन ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलं घ्या. तिथे ही दोन रसायनं असलेलं विकायलाच बंदी आहे.

मुक्काम पाच रात्री कोनाकडे, दोन ज्वालामुखीच्या बाजूला. एक दिवस पूर्ण दिरांचा, त्या दिवशी इतिहास काढणाऱ्याला दंड. ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोला मेरी मोनार्क हा हुलाचा महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. तारखा तपासून आजच बुकिंग कर. आणि ग्रुपवर मतदान घेऊ नकोस. तेरा जणांचं मतदान म्हणजे तेरा बेटं. सरळ लिही: 'प्लॅन खाली दिला आहे. बदल हवा असेल त्याने त्या दिवसाचं बुकिंग, गाडी आणि जेवण स्वतः बघावं.' बघ किती जण बोलतात.

एक संध्याकाळ तू कुणालाही न घेता होनाउनाउला जा. सूर्य मावळेपर्यंत आत थांबता येतं. नवऱ्याला म्हण, तेवढा वेळ बारा जणांचं तू बघ.

आणि ग्रुपचं नाव छान आहे, पण तुमच्यातल्या कुणीही लाव्हावर हवाई चप्पल घालून चालू नका. तिथले लोक तिला स्लिपर म्हणतात आणि दिवसभर तीच घालतात, पण दगडांवर जाताना बूट चढवतात. माझा पट्टा पुनालुउच्या पार्किंगमध्येच तुटला होता. उरलेला दिवस मी एका पायाने लंगडत काढला.

— ताई